आईनं तुला सांगितलेलं

शैला,

तुझ्या तेरवीच्या पंगतीत मी तुझं कौतुक तीन वेळा ऐकलं आणि तिन्ही वेळा मला राग आला. आधी तुझ्या शाळेचे मुख्याध्यापक बोलले, मग तुझी नणंद, आणि शेवटी वरण वाढायला आलेली बाई. तिचं जातं कधीच फुटलं, पण त्याचा लाकडी खुंटा तिनं जपून ठेवलाय, त्याची गोष्ट तू लिहिली होतीस. "शैलाबाईनं माह्या खुंट्याले पार इंटरनेटवर नेऊन बसवलं," असं ती बादली हातात धरून सगळ्या ओळीला सांगत होती. त्या खुंट्याचा फोटो मी काढला होता. चार वेळा काढला. उजेड यावा म्हणून तिच्या खिडकीतलं पोतं मी हलवलं आणि शिंकत शिंकत घरी आले. तिनं मला ओळखलंसुद्धा नाही. मी मान खाली घालून भात कालवत बसले.

गेलेल्या माणसाचा हेवा करणं बरं दिसत नाही, हे मला कळतं. पण तू होतीस तेव्हाही मी तेच करत होते आणि तुला ते माहीत होतं. तेरा दिवसांत मी सुधारेन, असं तुला तरी वाटलं नसतं.

ती वेबसाईट नेमकी कुणाच्या डोक्यातून निघाली, हे आपलं भांडण अर्धवटच राहिलं. मेहकरच्या स्टँडमागच्या माझ्या दुकानात तू स्नेहसंमेलनाची पत्रिका छापायला आली होतीस. तेव्हाच एक शेतकरी पिशवीतून बैलाची घुंगरमाळ घेऊन आला. बैल मेला होता आणि त्याला माळेचा फोटो काढून फ्रेम करून हवी होती. मी त्याला विचारत होते, केवढा साईज पाहिजे, मागं रंग कोणता टाकू. तू मधेच विचारलंस, "भाऊ, हे घरात कुठं ठेवता?" झालं. तो स्टुलावर बसला आणि तासभर बोलला. माझी दोन गिऱ्हाइकं परत गेली. तो गेल्यावर तू म्हणालीस, असं साऱ्यांचं कुठंतरी ठेवायला पाहिजे, आणि मी म्हणाले, वेबसाईट करता येईल. आता सांग, कल्पना कुणाची? तू म्हणायचीस, बैलाची.

नावावरून दोन दिवस वाजलं. मी "वारसा" म्हटलं, तर तू म्हणालीस की लोक सातबारा घेऊन येतील. मग तू "फडताळ" म्हटलंस. मला ते लगेच आवडलं, म्हणूनच मी चार दिवस हो म्हटलं नाही. फॉर्मचंही तेच. मी मोठ्या हौसेनं नऊ रकाने केले होते: वस्तूचं नाव, किती जुनी, मूळ कुणाची, आता कुणाकडे, कशाची बनवलेली, आणि काय काय. तू माझ्या खुर्चीवर बसून वाचलंस आणि म्हणालीस, लोक इथं मन मोकळं करायला येणार की तक्रार नोंदवायला. दोनच रकाने ठेवलेस. काय आहे, आणि कुठं ठेवता. मी चिडून बाकीचे सात काढून टाकले. आता गावोगावची माणसं त्या दुसऱ्या रकान्यात जे लिहितात ते वाचलं की कळतं की तुझं खरं होतं. हे तुला सांगायचं राहून गेलं. सांगणारही नव्हते म्हणा.

आणि तो आवाजाचा वाद. प्रत्येक पानावर एक बटण असावं, दाबलं की सांगणाऱ्याचा आवाज ऐकू यावा, असं मला फार वाटायचं. बटण मी करूनही ठेवलं होतं. पण तू कुणासमोर फोन काढायला तयार नव्हतीस. "फोन समोर ठेवला का माणूस फोटोले बसल्यावानी बोलते," हे तुझं ठरलेलं उत्तर. तू नुसती बसायचीस, पाणी मागायचीस, वस्तू हातात घेऊन पाहायचीस. वहीसुद्धा काढायची नाहीस. दुसऱ्या दिवशी शाळेच्या मधल्या सुट्टीत आठवून आठवून लिहायचीस आणि साईटच्या फॉर्ममधून माझ्याकडे पाठवायचीस. मी म्हणायची, दोन तासांचं ऐकून दोन पानं लिहितेस, बाकीचं जातं कुठं? तू डोक्याकडे बोट दाखवायचीस.

पहिलं पान मात्र माझं होतं. लोकांना नमुना म्हणून काहीतरी दाखवायला हवं होतं, म्हणून मी माझा पेला ठेवला. आपल्याकडे बारशाला मामा भांडं देतो आणि त्यावर बाळाचं नाव ठोकून घेतो, तसा माझ्या देऊळगावराजाच्या मामानं दिलेला स्टीलचा छोटा पेला. ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं, "चि. नंदा, मामाकडून" आणि खाली साल. ते साल माझ्या जन्माच्या तीन वर्षं आधीचं आहे. लहानपणी मी आईला विचारलं होतं, तर ती म्हणाली होती, नाव घालणाऱ्याची चूक. ही गंमत मी आयुष्यभर सांगत आले, मामानं मला तीन वर्षांनी म्हातारी करून ठेवलं म्हणून. पानावरही तेच लिहिलं. लोकांना आवडलं. तूसुद्धा हसलीस.

पण पुढं सगळं तुझंच झालं. माणसं दुकानात येऊन विचारायची, शैलाबाईची ती वेबसाईट इथंच का? मी हो म्हणायची आणि आतून जळायची. देऊळगावराजाच्या एका वाचनालयात तुझा सत्कार झाला, तेव्हा तुला शाल आणि नारळ, आणि मला प्रोजेक्टर. सूत्रसंचालकानं माझी ओळख "आणि आपल्या कॉम्प्युटरवाल्या ताई" अशी करून दिली. तू माईकवर माझं नाव दोनदा घेतलंस. ते मला आणखीच झोंबलं, कारण तू ते मनापासून घेत होतीस. परतीच्या एसटीत खिडकी बंद होत नव्हती आणि तू ती शाल माझ्या गुडघ्यांवर टाकलीस. मी ती घडी करून तुझ्या मांडीवर परत ठेवली. मेहकर येईपर्यंत दोघी गार वाऱ्यात कुडकुडत बसलो आणि शाल मधे तशीच पडून होती.

मीही कमी नव्हते. साईटच्या तळाशी "संकल्पना आणि रचना" म्हणून माझं नाव ठळक ठेवलं आणि त्याखाली "संकलन" म्हणून तुझं, बारीक अक्षरात, फिकट राखाडी रंगात. दुसऱ्या दिवशीच तुझ्या लक्षात आलं. "माह्यं नाव हिवानं काकडल्यावानी काऊन दिसून राह्यलं वं?" असं विचारलंस. मी म्हणाले, डिझाईन आहे ते. तू म्हणालीस, बरं. तुझ्या त्या बरं म्हणण्याचा मला सगळ्यात जास्त राग यायचा.

पण खरी गोष्ट आईची.

तुला माहीत आहे, मी एकुलती. आईची वाटणी मला कधी कुणाशी करावी लागली नाही. बाबा गेल्यावर आई जानेफळला एकटीच राहिली, शेत बटईनं दिलं, आणि मी एक आड एक रविवारी जात राहिले. साईट सुरू झाल्यापासून दर खेपेला मी तिला म्हणायची, आई, तुझी एक वस्तू सांग. ती म्हणायची, माह्यापाशी काय हाये वं, भांडेकुंडे. आणि माझ्यापुढं पोह्यांची ताटली सरकवायची. मी तिचा नाद सोडून दिला. काही माणसांपाशी सांगण्यासारखं नसतं, असंही मनाशी म्हणाले. माझ्याच आईबद्दल.

आणि मग सात महिन्यांपूर्वी तू कुणाच्या तरी आडकित्त्यासाठी जानेफळला गेलीस. परतीची गाडी चुकली आणि पाणी प्यायला आईकडं थांबलीस. दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या कॉम्प्युटरवर तुझं नवीन लिखाण येऊन पडलं. वर आईचं नाव आणि गाव, जानेफळ. मी ते उघडलं नाही. नुसती त्या ओळीकडं बघत बसले. एवढ्या रविवारांत मला पोहे मिळाले होते आणि तुला एका दुपारी गोष्ट मिळाली होती.

संध्याकाळी तुझा फोन आला. "आईचं पाठवलं वं. आधी तू वाच." मला वाटलं, हिला शाबासकी पाहिजे. बघ, तुझ्या आईला मी कसं बोलतं केलं, असं मला ऐकू आलं. मी म्हणाले, वाचते. वाचलं नाही. आठवड्यानं पुन्हा विचारलंस, तेव्हा लग्नसराईच्या पत्रिकांचं कारण सांगितलं. तिसऱ्यांदा तू मला भाजीबाजारात गाठलंस. हातात मेथीच्या जुड्या होत्या. तू काही हसली नाहीस, हळूच विचारलंस, "वाचलं का?" आणि मी म्हणाले, हो, वाचलं. छान आहे.

तू माझ्या दंडावर हात ठेवलास आणि म्हणालीस, बरं झालं. एवढंच. पुढं कधी तो विषय काढला नाहीस. मला वाटलं, मी आणखी कौतुक केलं नाही म्हणून तू खट्टू झालीस, आणि मला बरंही वाटलं.

त्यानंतर मी जानेफळला गेले की आई जरा वेगळी वागायची. हातातलं काम खाली ठेवून समोर बसायची. माझ्या तोंडाकडं बघायची. मी तिला फ्लेक्सच्या ऑर्डरी सांगायची, मशीन बिघडल्याचं सांगायची. ती ऐकून घ्यायची आणि पुन्हा बघत राहायची. म्हातारपण आलं, असं मी समजले. एकदा तिनं विचारलं, शैला भेटते का? मी तुटकपणे म्हणाले, भेटते की. मला राग आला होता की ही माझ्यासमोर बसूनही तुझीच चौकशी करते.

तेरवीच्या दिवशी जेवणं आटोपल्यावर मी निघाले, तेव्हा तुझे यजमान, आमचे भाऊजी, फाटकापर्यंत आले. डोळे सुजले होते त्यांचे. म्हणाले, "ताई, तुमच्या आईचं तुम्ही वाचलं म्हणून ते लई समाधानी होती. दवाखान्यातही म्हणे, आता माय-लेकीचं मोकळं होईन." मी मान हलवली. काय मोकळं व्हायचं होतं, ते मला विचारता येईना, कारण सगळ्यांच्या लेखी मी ते वाचलेलं होतं.

तिथून सरळ दुकानात आले. शटर अर्धं खाली ओढलं, भर तीन वाजता, आणि सात महिने पडून राहिलेलं ते पान उघडलं.

सगळ्यात वर तू माझ्यासाठी लिहिलं होतंस. "नंदा, हे साईटवर लावाचं नाही. हे तुह्यासाठी हाये. मले एवढं लंबं पाठवाचं दुसरीकडून येत नाही म्हणून फॉर्ममधून पाठवलं. आईले मी तुह्यं पेल्याचं पान वाचून दाखवलं होतं. मंग ते बोलली. तुले सांगाची तिची हिंमत होत नाही. तू वाचलं का मले सांग, मी तिले सांगीन, मंग ते तुह्यी वाट पाहीन."

खाली दोन पानं, आईच्या शब्दांत. तो पेला माझा नाही. माझ्या आधी एक मुलगी झाली होती, तीही नंदा. मामानं बारशाला तिच्यासाठी पेला आणला होता. ती पाच महिन्यांची होऊन गेली. तीन वर्षांनी मी झाले, तेव्हा सगळे म्हणत होते, तेच नाव पुन्हा ठेवू नको, वाईट असतं. आई ऐकेना. "मले त्या नावानं हाक माराची सवय झाली होती," असं ती तुला म्हणाली. "दुसरं नाव तोंडातच येत नव्हतं. पहिलीनं कधी ओ देल्ली नाही, लहान होती. हिनं देल्ली. मंग नाव हिचंच झालं."

ते वाचताना पहिल्यांदा मला काय वाटलं, हे तुलाच सांगू शकते. मला त्या पाच महिन्यांच्या पोरीचा हेवा वाटला. पन्नाशीला आलेली बाई मी, आणि एका तान्ह्या लेकराचा हेवा करत बसले. अंगणातून आई "नंदाऽ" म्हणून ओरडायची, तेव्हा ती कुणाला हाक मारत होती, असं मनात आलं. मग ती ओ दिल्याची ओळ पुन्हा वाचली. पुन्हा वाचली. रडले. तू ती ओळ जशीच्या तशी ठेवलीस, त्याबद्दल तुझे उपकार मानायचे आहेत. माझ्या नऊ रकान्यांत ती कुठंच बसली नसती.

पहिल्या पानावरचं ते चुकीच्या सालाचं वाक्य मी तेव्हाच काढलं. नाव घालणाऱ्या त्या माणसानं साल बरोबर घातलं होतं. तुझं नावही काळ्या ठळक अक्षरात करून वर घेतलं. हे मी आता करतेय, याची लाज वाटते.

काल सकाळच्या गाडीनं जानेफळला गेले. आई सूप घेऊन तूर निवडत होती. तिनं आधी तेरवीचं विचारलं, पंगत किती झाली, भाऊजी जेवले का. मग हात थांबवून माझ्याकडं पाहत बसली, गेले सात महिने पाहते तशी. मी तिला सांगून टाकलं की आई, मी ते वाचलं नव्हतं. शैलाला खोटं सांगितलं. परवा वाचलं.

तिनं सुपातले दोन खडे वेचून बाजूला टाकले. मग म्हणाली, "मले वाटलं तुले राग आला. तू येत होती, जेवत होती, अन् त्याच्यावर काहीच बोलत नव्हती. मी म्हटलं, आपण उगाच सांगतलं."

सात महिने, शैला. सात महिने माझी आई समजत होती की मी सगळं वाचून गप्प बसलेय. आणि तू दवाखान्यात समजत होतीस की आमचं मोकळं झालं. दोघींशी मी हे वागले, आणि कशापायी, तर तिनं तुला आधी सांगितलं म्हणून.

मी आईजवळ सरकून बसले. सूप बाजूला केलं. म्हणाले, आता मला सांग. ती दिसायला कशी होती? तिला काय झालं होतं? आईनं सुपाकडं हात नेला. तुरीचा एक दाणा बोटांत घेऊन फिरवत राहिली.

"ते सारं शैलाले सांगतलं वं. इतक्या वर्साचं एकडाव निंघालं. आता पुन्हा नाही निंघत."

मी म्हणाले, थोडं तरी. तिनं मान हलवली. म्हणाली, "शैलाले माहीत हाये," आणि मग आपण काय बोललो ते तिला कळलं. पदर डोळ्यांना लावून ती रडायला लागली. तुझ्यासाठी रडली, खूप वेळ, आणि मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होते.

तुझ्या दोन पानांत ती गोरी होती की सावळी, एवढंही नाही. ती कुणाच्या वळणावर गेली होती, हसायची का, आईनं तिला शेवटचं केव्हा मांडीवर घेतलं, हे सगळं त्या दुपारी तुला कळलं आणि तू ते कुणाला सांगितलं नाहीस, कारण ते मला आईकडून कळावं, असं तुला वाटत होतं. बाबा, मामा, तेव्हाचं कुणी उरलं नाही; माझ्या बहिणीला ओळखणारी आईशिवाय तूच एक होतीस. इतकी वर्षं मी तुझ्यावर जळत आले, शैला, पण आजच्याइतकी कधीच नाही.